पन्हाळ्याचा वेढा : आपले लोक कुठल्या बाजूला?

पन्हाळ्याच्या वेढ्याचा धडा संपला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, यात आपले लोक कुठल्या बाजूला होते?" अलीकडे तो दबक्या आवाजात येतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून मी फळ्यावर नकाशा काढतो.

मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर होते. आदिलशाहीच्या सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. उत्तरेकडून मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. दोन आघाड्या, आणि राजा एका गडावर कोंडलेला. पावसाळ्यातही जौहरने वेढा ढिला होऊ दिला नाही. राजापूरचे इंग्रजही तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले.

पहिली योजना होती वेढा बाहेरून फोडण्याची. नेताजी पालकरांबरोबर ती कामगिरी सिद्दी हिलालवर होती. ती फसली. हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला.

फसलेल्या योजनेला महाराज चिकटून राहिले नाहीत. त्यांनी शरणागतीची बोलणी लावली, त्यामुळे वेढ्यातले पहारे सैलावले. जुलैतली पावसाळी रात्र निवडली. बखरी सांगतात, पाठलाग चुकवण्यासाठी शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसला आणि जिवाला मुकला. गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले, कारण चिंचोळ्या वाटेवर शत्रूच्या मोठ्या संख्येचा उपयोग होत नाही. महाराज पोहोचल्याची खूण ठरली होती विशाळगडाच्या तोफांची. टप्पा, जागा, माणूस, इशारा असं सगळं आधी ठरलेलं होतं.

आणि विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून कोण बसलं होतं? सुर्वे आणि दळवी, आदिलशाहीचे मराठे सरदार.

मोहीम आखताना महाराजांनी माणसाची निष्ठा आणि कुवत पाहिली. जौहरही सिद्दी, हिलालही सिद्दी. एक वेढा घालत होता, दुसरा तो फोडायला पोटच्या पोराला घेऊन धावला होता.

१४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या वादात, त्याच गजापुरात जमावाने मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली. वर्गातला आवाज का दबला, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणून नकाशा पूर्ण झाला की घोडखिंडीपाशी मी बाजीप्रभूंचं नाव लिहितो, आणि पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाहवाहचं. मग मुलांना म्हणतो, दोन्ही नावं वहीत उतरवून घ्या.