पंधरा तोळ्यांचा जीव

जिना चढताना कठडा धरा. चौथी पायरी सैल आहे. सगळ्या चाळीला ते ठाऊक आहे, म्हणूनच ती कुणी दुरुस्त करत नाही. हे गिरगाव आहे, १९३५च्या आसपासचं. आषाढ लागलाय आणि तीन दिवस पाऊस खळलेला नाही. अंगातल्या टी-शर्टाबद्दल कुणी विचारलंच तर नवा गंजिफ्रॉक आहे म्हणून सांगा. मोबाइल खिशातच राहू द्या, इथे तो फार तर आरसा म्हणून चालेल.

दुसऱ्या मजल्यावर पोचलात की पहिल्यांदा वास येईल. ओलं लाकूड, बंबाचा धूर, रॉकेल, न वाळलेल्या गोधड्या आणि कुणाच्या तरी शेगडीवर करपलेली आमसुलाची आमटी. गॅलरीभर दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर धोतरं-लुगडी नुसती टांगलीत, वाळतील अशी कुणालाच आशा नाही. आत प्रायमस फरफरतोय, खाली नळावर हंड्यांची आदळआपट चाललीय, रस्त्यावर ट्राम घंटा बडवत वळण घेतेय. या सगळ्या गलक्यात तुम्हाला एक बारीक आवाज वेगळा काढायचाय. कान द्या. गॅलरीच्या टोकाला, मोरीच्या दाराआडून येतोय.

‘‘आलात? बरं झालं,’’ पदराला हात पुसत एक काकू म्हणतात. ‘‘चार आहेत. आई गेली हो त्यांची.’’

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. ती न्यायला येईल म्हणून काल दिवसभर कुणी त्यांना हलवलं नव्हतं. संध्याकाळी पानवाल्याने सांगितलं की ती ट्रामखाली आली. मग शेजारच्या आजींनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी सात मुलं वाढवलीत, त्यामुळे त्यांना सांगायला कोण जाणार! भय्याचं म्हशीचं दूध, पितळी बोंडलं, पिल्लू मांडीवर उताणं, असं रात्री एकेकाला पाजून झालंय.

साबणाच्या लाकडी खोक्यात फाटकं लुगडं अंथरलंय. वाका. डोळे नुकते उघडलेत, निळसर धुके भरल्यासारखे; कान अजून डोक्याला चिकटलेले. म्हणजे दहा-बारा दिवसांची असावीत. भुरं पिल्लू सगळ्यांच्या डोक्यावरून चालतंय. मुलांनी त्याचं नाव ‘पैलवान’ ठेवलंय. दोन पट्टेरी एकमेकांत गुंतून झोपलीत आणि झोपेत त्यांचे पाय झटकताहेत, मिशा थरथरताहेत. आजी म्हणतील, ‘‘आकडी आली की काय!’’ नाही. या वयात निरोगी झोप अशीच असते. काळजी करायची ती न हलणाऱ्या झोपेची. चौथं, काळं पिल्लू, खोक्याच्या कोपऱ्यात एकटं पडलंय. ते ओरडतही नाहीये.

हात आत घाला. तिघं ऊन लागतात. काळं माठासारखं गार आहे. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात द्या. तोंड आतूनही गार, आणि बोट चोखायचा प्रयत्न नाही. आता त्याला हलकेच उताणं ठेवा. दहा दिवसांच्या पिल्लाने चडफडत लगेच पालथं व्हायला हवं. हे तसंच पडून राहिलं. तीन खुणा मिळाल्या, आणि त्यासाठी तुम्हाला करंगळीपलीकडे काही लागलं नाही.

‘‘उपाशी आहे म्हणून गार पडलंय. आधी दूध घाला,’’ आजी बोंडलं पुढे करतात.

थांबवा त्यांना, पण आवाज चढवू नका. चाळीत आवाज चढला की दहा माणसं जमतात. या वयात पिल्लाचं अंग ९७ ते १०० फॅरनहाइट असायला हवं. ते ९४च्या खाली घसरलं की आतडी कामच थांबवतात. पोटातलं दूध तिथेच नासतं, नाहीतर उलटून छातीत जातं. एवढं सांगत बसू नका. ‘‘आजी, गार चुलीवर भात शिजत नाही,’’ एवढं म्हणा. त्यांना पटेल.

काकूंनी काळ्याला पोटाशी, पदराच्या आत घेतलं. सोडावॉटरच्या बाटलीत ऊन पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. शेगडीजवळ नेऊ नका. ऊब हळूहळू, तास-दोन तासांत यायला हवी. तोवर काकू आमटी ढवळतात, पोराला पाढे म्हणायला लावतात, दारावर आलेल्या बोहारणीशी घासाघीस करतात, आणि पोटाशी पिल्लू आहे हे बोहारणीला कळतही नाही. तासाभराने मध्येच थांबून म्हणतात, ‘‘हललं.’’ आता साखरेच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्याच्या हिरड्यांवर फिरवा. नुसता ओलावा, घोट नाही. ते चोखायला लागलं की मग दूध.

दुधाचा प्रश्न अवघड आहे. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिनं असतात. गाईम्हशीचं दूध पिल्लांना पुरत नाही आणि सोसतही नाही, हगवण लागते. त्यातल्या त्यात शेळीचं बरं, आणि त्यात अंड्याचा पिवळा बलक. या चाळीत अंडं! शेवटी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून एक मुलगा ते छत्रीत लपवून आणतो. आजींनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून जप सुरू केला. (तुम्ही परतल्यावर ही कृती वापरू नका. तुमच्याकडे पिल्लांच्या दुधाची तयार पावडर मिळते.) तळमजल्यावरच्या कारकुनाने फाउंटन पेनात शाई भरायचं नवं ड्रॉपर दिलंय. ते उकळून घ्या. पिल्लू पालथंच हवं, आईच्या पोटाशी असतं तसं, मान किंचित वर, आणि एकेक थेंब.

पैलवानाला पाजताना त्याच्या नाकपुडीशी एक पांढरा बुडबुडा आला. तुम्ही पाहिलात. पण लक्ष काळ्यात होतं आणि पैलवान तर सगळ्यांत धडधाकट. पुसून टाकलात.

सकाळी पहिल्या मजल्यावर जायचंय, सोनारकाकांकडे. त्यांच्याकडे चांदी तोलायचा तराजू आहे.

‘‘माझ्या काट्यावर मांजर?’’

‘‘काका, हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणतात. त्यापेक्षा हे स्वस्त.’’

काका हसतात आणि पारड्यात फडकं घालतात. पैलवान १५ तोळे. पट्टेरी साडेचौदा आणि चौदा. काळं १२. मांजराचं पिल्लू जन्मतः आठ-नऊ तोळ्यांचं असतं, म्हणजे तुमच्या भाषेत १०० ग्रॅमच्या आसपास, आणि रोज साधारण एक तोळा वाढतं. देवाने हे माप सोनारांसाठीच ठरवलं असावं. आता रोज सकाळी, पाजण्याआधी, याच काट्यावर. दाराच्या चौकटीवर खडूने चार रकाने पाडा. एक दिवस वजन जागचं हललं नाही तर डोळ्यांत तेल घालून बघायचं. घटलं तर पिल्लू आजारी आहे, मग ते कितीही उड्या मारो. काटा सगळ्यांच्या आधी बोलतो. म्हणून तुमच्या काळातही मी पिल्लांच्या खोक्याशेजारी आधी काटा ठेवायला सांगेन. मऊ गादी नंतर.

गॅलरीत उजेड आहे तोवर ओठ उचलून हिरड्या पाहा. तिघांच्या गुलाबी. धाकट्या पट्टेरीच्या मात्र तांदळाच्या पिठासारख्या पांढऱ्या. काकूंची लिखांची फणी मागा आणि त्याच्या पाठीवरून फिरवा. फणीत काळे कण येतील. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका आणि बघत राहा. कणाभोवती लाल वर्तुळ पसरतंय. ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, पिल्लाचंच पचवलेलं रक्त. एवढाशा जीवाला पिसवा अक्षरशः पिऊन मारतात. ‘पिसवा’ हा शब्द ऐकताच आजी दोन पावलं मागे सरकतात. त्यांनी तरुणपणी मुंबईचा प्लेग पाहिलाय. कुणी रॉकेल चोळा म्हणतं, कुणी खोक्यात डांबराच्या गोळ्या टाका म्हणतं. दोन्ही मांजराला विषच. कोमट पाणी, थोडा साबण, मग फणी, आणि लगेच कोरडं करून पोटाशी.

थोरल्या पट्टेरीचा डावा डोळा परत मिटलाय आणि पापणीखाली फुगलाय. आत पू आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस धरून ठेवा, पापणी आपसूक सुटेल. ओढू नका. तसंच सोडलं तर डोळा जातो.

आणि हो, शू. आई चाटल्याशिवाय या वयाच्या पिल्लांना शू-शी होत नाही. ओल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसत राहा. कापूस जेमतेम पिवळा व्हायला हवा. चहासारखा झाला तर अंगातलं पाणी कमी पडतंय. चाळीतली पोरं हा कार्यक्रम बघायला रांगेने उभी आहेत. त्यांना दुसऱ्या कामाला लावा: खाली जिन्याखाली दोन-तीन महिन्यांचं एक पिल्लू पाण्याच्या थाळीवर मान टाकून बसलंय. पाणी पीत नाही, नुसतं बसलंय, पाठ कुबडी करून, आणि काल ओकलंय. त्याच्याजवळ कुणी जाऊ नये, आणि गेलेल्याने तुमच्या खोक्याला हात लावू नये. चाळ म्हणतेय विषबाधा झाली. हा बहुधा विषाणूचा रोग आहे. तो विषाणूने होतो हे फ्रान्समध्ये १९२८ साली दाखवून झालंय, पण ती बातमी गिरगावात आलेली नाही. त्याच्यावरची लसही आलेली नाही. तुमच्या काळात आहे.

दुपारी पैलवान ओरडायला लागला. पोट भरलेलं, अंग ऊन, तरी ओरडतोय. भुकेचं रडणं पोट भरलं की थांबतं. हे थांबत नाही. त्याला कानाशी धरा. छातीत बारीक चटचट ऐकू येतेय, भाकरी शेकताना येते तशी. श्वासागणिक पोट भात्यासारखं आत-बाहेर होतंय. मग त्याने तोंड उघडून श्वास घेतला.

कालचा बुडबुडा आठवला ना?

टोपलीत फडकं, फडक्यात तो. परळला जनावरांचं इस्पितळ आहे. ट्रामच्या बाकावर ओल्या छत्र्या, खोबरेल तेलाचे वास, एका मासेवालीची पाटी. कंडक्टर टोपलीकडे बघतो आणि तिकीट फक्त तुमचंच फाडतो. मध्ये गाडी बदलावी लागते. परळ जवळ आलं की गिरण्यांचे भोंगे, चिमण्यांचा काळा धूर आणि पाळी सुटलेल्या माणसांचा लोंढा. त्यांच्या केसांवर कापसाचे तंतू, जणू सगळी एका रात्रीत म्हातारी झालीत. इस्पितळाच्या आवारात चाबूक खाल्लेले घोडे, पाय सुजलेले बैल, आयोडीन आणि शेणाचा वास. तुमच्या टोपलीतला पंधरा तोळ्यांचा रोगी पाहून रांगेतला गाडीवान आपला नंबर देतो.

डॉक्टर नळी लावतात. नळीचं तोंड पिल्लाच्या छातीपेक्षा मोठं आहे. ‘‘उताणं पाजलं होतं?’’ ते विचारतात. तुम्ही मान हलवता. दूध फुप्फुसात गेलंय आणि आता तिथे जंतू माजलेत. पेनिसिलिनचा शोध लागून काही वर्षं झालीत, पण ते अजून प्रयोगशाळेबाहेर पडलेलं नाही. तुम्हाला रोग ओळखता येतो, औषधाचं नाव येतं, आणि ते पृथ्वीवर कुठल्याच दुकानात नाही. ऊब द्या, डोकं उंच ठेवा, असं सांगून डॉक्टर पुढच्या घोड्याकडे वळतात. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे.

परतीच्या ट्राममध्ये, लालबागच्या अलीकडे, टोपली गप्प झाली.

आजींना काय सांगणार? मी तर म्हणेन, काही सांगू नका. पण त्या संध्याकाळी स्वतःहून ड्रॉपर मागून घेतात आणि काळ्याला मांडीवर पालथं ठेवतात. आजींच्या सात मुलांनाही कधी एवढं सांभाळून पाजलं गेलं नसेल.

पाऊस सकाळी थोडा उघडतो. सोनारकाका दुकानाची फळी काढतानाच विचारतात, ‘‘तुमचा कोळशाचा खडा कसा आहे?’’ काळं पारड्यात ठेवा. ते वळवळतंय, काका गुंजा टाकत जातात, काटा डुलतो, डुलतो आणि थांबतो. पाऊण तोळा वाढ. थोरल्या पट्टेरीची एक तोळा. धाकट्या पट्टेरीचं वजन कालचंच, म्हणजे त्याच्यावर आज दिवसभर नजर. चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते काका विचारत नाहीत.

आता निघा. जिन्यातली चौथी पायरी विसरू नका. घरी पोचल्यावर तुमच्या खोक्यातलं एखादं पिल्लू गार लागलं, गप्प झालं, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं किंवा सकाळच्या काट्यावर घटलं, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका आणि घरातलं पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका; मांजराला ते मारतं. अंग गार असेल तर वाटेतच ऊब द्या आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. मुंबईत असाल तर परळचं ते इस्पितळ १८८३ पासून आहे, आणि अजून तिथेच आहे.