मनाला धीर देणाऱ्याची सनद

सल्ला देणे हा आपल्याकडे पूर्वी धंदा नव्हता. घरात कलह माजला, पीक बुडाले, कर्ता मुलगा अबोल झाला, म्हणजे मनुष्य गावातील वडीलधाऱ्यांपाशी, कीर्तनकार बुवांपाशी किंवा एखाद्या शहाण्या आजीबाईंपाशी मन मोकळे करी. त्यांच्याजवळ कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. कारण त्यांचे सारे आयुष्य गावाच्या डोळ्यांपुढे उघडे होते. परंतु सल्ला देणारा जेव्हा परका असतो, पगार किंवा फी घेतो आणि बंद दाराआड बसून दुःखी जिवाचे गुपित ऐकतो, तेव्हा त्याची पारख गावाने कशी करावी? ते काम मग राज्यसत्तेलाच अंगावर घ्यावे लागते. 'समुपदेशक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या मनुष्यास सनद कोणी व कशी द्यावी, ह्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

शरीराच्या वैद्याची व्यवस्था आधी लागली. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांच्या नोंदणीस आरंभ झाला व १९३८ च्या कायद्याने वैद्य आणि हकीम यांचीही नोंद होऊ लागली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे हे कायदे आपणांस लागू नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाचा अंमल संपला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६१ मध्ये वैद्य-हकिमांसाठी राज्याचा एकच कायदा झाला. 

मनाच्या बाबतीत सरकारची दृष्टी प्रथम माणसावर गेली नाही, ती भिंतीवर गेली. १८५८ चा आणि पुढे १९१२ चा कायदा हे दोन्ही मुख्यतः वेड्यास कोठे व कोणाच्या हुकुमाने ठेवावे यासंबंधी होते. नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा येथे मोठी मनोरुग्णालये उभी राहिली. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. १९८७ मध्ये नवा कायदा झाला आणि तो १९९३ मध्ये अमलात आला. परंतु रोग्याशी बोलून उपचार करणाऱ्याची पात्रता काय असावी, हे त्यानेही पुरतेपणी सांगितले नाही.

ती उणीव काही अंशी दुसऱ्याच दाराने भरून निघाली. बंगळूर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली व लवकरच तेथे चिकित्सालयीन मानसशास्त्राचे शिक्षण मिळू लागले. पुढे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने ह्या मानसशास्त्रज्ञांची नोंदणी सक्तीची केली. नोंदणीवाचून हे काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या.

आता समुपदेशक पाहा. तो नोंदवहीतून आला नाही, हुद्द्यातून आला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने त्यास न्यायालयात जागा दिली. त्याच वर्षी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांच्या कचेरीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला. पुढे एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांत तो बसू लागला. प्रत्येक खात्याने आपापल्या गरजेप्रमाणे पात्रता ठरविली. परंतु खात्याबाहेर, भाड्याच्या खोलीवर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावणाऱ्यास विचारणारा कोणीच नव्हता.

आपल्या जिल्ह्यात ह्या प्रश्नास वेगळीच धार आहे. अवर्षण, कर्ज आणि ऊसतोडीसाठी दरसाल होणारे स्थलांतर यांनी येथील कुटुंबे पिचून गेली आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत बीडचा समावेश होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन खचलेला मनुष्य ओळखावा आणि त्यास समुपदेशक व डॉक्टर यांच्याकडे पाठवावे, अशी ती योजना. २०२२ च्या ऑक्टोबरात 'टेलिमानस' ही दूरध्वनीवरील सेवा देशभर सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ हा होय. म्हणजे गरज दारी येऊन उभी राहिली आणि सनदेचा कायदा मागून चालत राहिला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राज्य प्राधिकरणाकडे नोंदवावयाच्या व्यावसायिकांत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारक आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांची नावे घातली. समुपदेशकाचे नाव त्यात नाही. ते अखेर २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात आले. ह्या कायद्याप्रमाणे एक राष्ट्रीय आयोग व प्रत्येक राज्याची परिषद असावयाची आहे. संलग्न व्यावसायिकास किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकास किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरले. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासारखे हे विषय पत्रद्वारा अथवा ऑनलाइन शिकविण्यास मनाई केली.

हा विलंब आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनिया संस्थानाने समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा १९७६ मध्ये केला आणि सर्वांत शेवटी कॅलिफोर्नियाने तो २००९ मध्ये केला; मध्ये ३३ वर्षे गेली. कॅलिफोर्नियात पदव्युत्तर पदवीनंतर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ३,००० तास काम केल्यावाचून स्वतंत्र परवाना मिळत नाही. पुस्तक वाचून मन कळत नाही, हे तत्त्व त्या तासांमागे आहे.

मी जन्मभर शाळामास्तर होतो. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचे शिक्षण घेतल्यावाचून मला पहिलीच्या वर्गापुढे उभे राहता आले नसते. मुलास बाराखडी शिकविणाऱ्याकडून जर सरकार दाखला मागते, तर जगावे की मरावे ह्या विचारात पडलेल्या मनुष्याशी फी घेऊन बोलणाऱ्याकडून तो का मागू नये?

तथापि नियमालाही एक बाजू आहे. धारूर-पाटोद्याच्या शेतकऱ्याची मुलगी शहरात राहून पूर्णवेळ शिकू शकत नाही. तिला पत्रद्वारा शिक्षणाचे दार हाच मार्ग होता. ते दार बंद केले, तर जवळ दुसरे उघडणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. नाही तर नोंदवही निर्दोष होईल आणि तालुक्यात माणूस मिळणार नाही. तसेच आशाताईंस किंवा शेजाऱ्यास धीराचे चार शब्द बोलण्यास सनदेची गरज नाही. सनद हवी ती उपचाराचा दावा करणाऱ्यास.

श्रोतेहो, कायद्याचा अंमल सर्वत्र नीट बसेपर्यंत आपण निदान तीन प्रश्न विचारावेत. आपले शिक्षण कोठे व किती झाले? आपली नोंद कोणत्या परिषदेकडे व कोणत्या क्रमांकाने आहे? आणि आजार आपल्या आवाक्याबाहेरचा निघाला, तर आपण रोग्यास कोणाकडे पाठविता? जो खरा जाणता असेल त्यास ह्या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि ज्यास राग येईल, त्याच्यापुढे आपले मन उघडे करू नये, हेच बरे.