कच-देवयानी कथा

महाभारताच्या आदिपर्वातील, देव-दानवांच्या युद्धकाळात घडणारी प्रेमकथा. युद्धातले प्रेम आणि क्षमा यांवरील अद्भुत किशोरकथेचा मराठीतला सर्वांत जवळचा नमुना हाच. देवांच्या वतीने, मेलेल्यांना जिवंत करणारी संजीवनी विद्या मिळवण्यासाठी कच शत्रूचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे शिष्य म्हणून राहतो. दानव त्याला तीनदा मारतात. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिच्या हट्टामुळे तो प्रत्येक वेळी जिवंत होतो. विद्या मिळाल्यावर तो तिचे प्रेम नाकारतो आणि दोघेही एकमेकांना शाप देतात. मग हिला क्षमेची कथा कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. पण युद्धाने ज्याला हेर केले आणि जिला साधन, त्या तरुणांना क्षमा का जमत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते. ही उणीवच पुढच्या लेखकांना खुणावत राहिली. कृ. प्र. खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ (1913) नाटकात शुक्राचार्यांच्या मद्यपानावर भर दिला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (1959) कादंबरीत मात्र कच संयमी प्रेमाचा प्रतिनिधी होतो, तर देवयानीचा दुखावलेला अहंकार तिचा संसार पोखरतो. खांडेकरांचे वाचन अधिक सखोल वाटते. पुराणकथा ही कल्पितकथा नव्हे, असेही म्हटले जाईल. परंतु या दोन्ही लेखकांनी तिला नव्या हेतूने घडवले आहे.