'हँग आउट' : एका अनौपचारिक इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास

प्रस्तावना

इंग्रजीत क्रियापद आणि अव्यय यांच्या जोडीचा अर्थ ही पुष्कळदा त्या दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज नसते. अशा जोड्या परकीयांना विशेष अवघड जातात, असे सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे परिचित झाले. 'हँग आउट' हे अशा क्रियापदांचे बोलके उदाहरण होय.

निवासाचा अर्थ

'बाहेर टांगणे' हा या जोडीचा शब्दशः अर्थ. निशाण किंवा दुकानाची पाटी बाहेर टांगली जाई. त्या प्रथेवरूनच 'राहणे, मुक्काम असणे' हा अर्थ आला असावा, असा तर्क केला जातो. फ्रान्सिस ग्रोस याच्या १७८५ च्या ग्राम्यभाषा कोशाची वाढवलेली आवृत्ती १८११ मध्ये निघाली. तीत हा प्रयोग गुन्हेगारांच्या तोंडी आढळतो. पोलिसांना आपले राहण्याचे ठिकाण कळले आहे, अशा आशयाचे वाक्य तेथे उदाहरणादाखल दिले आहे.

पुढे चार्ल्स डिकन्स याच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत बॉब सॉयर हा वैद्यकीय विद्यार्थी पिकविक यांना त्यांचा मुक्काम याच शब्दांत विचारतो. पिकविक उत्तरात 'टांगलेला असणे' याच अर्थाचा भारदस्त शब्द योजून खाणावळीचे नाव सांगतात. सुमारे पंचवीस वर्षांत चोरांच्या बोलीतील शब्द विद्यार्थ्यांच्या बोलीत रुळलेला दिसतो.

वेळ घालवण्याचा अर्थ

विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकन बोलीत, 'मित्रांसमवेत निवांत वेळ घालवणे' हा अर्थ प्रबळ झाला. स्थळवाचक क्रियापद अशा रीतीने कालवाचक झाले. गूगलने २०१३ मध्ये आपल्या संवादसेवेला 'हँगआउट्स' हे नाव दिले. ती सेवा २०२२ मध्ये बंद झाली. ज्या शब्दाला एकेकाळी घराचा पत्ता अभिप्रेत होता, त्याला आता एकत्र येण्यासाठी प्रत्यक्ष स्थळाचीही गरज उरली नव्हती.

मराठीतील 'अड्डा' या शब्दाशी येथे तुलना करता येईल. 'जुगाराचा अड्डा' आणि 'गप्पांचा अड्डा' या प्रयोगांत शब्द एकच असला तरी त्याची प्रतिष्ठा भिन्न आहे.

समारोप

या इतिहासाचे अध्यापनातील महत्त्व स्पष्ट आहे. आजचा अर्थ गृहीत धरून डिकन्स वाचणारा विद्यार्थी 'कोठे राहता?' या प्रश्नाचा अर्थ 'वेळ कोठे घालवता?' असा करील. वाक्य त्याला समजल्यासारखे वाटेल. परंतु प्रश्न बदलेल आणि उत्तरातील विनोदही हरवेल. अपरिचित शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो, परिचित वाटणाऱ्या शब्दासाठी उघडत नाही. म्हणून अशा क्रियापदाला एकच मराठी प्रतिशब्द देऊन थांबणे अपुरे ठरते. तो कोणत्या काळी, कोणत्या वर्गाच्या तोंडी होता, हेही अर्थाबरोबर शिकवणे आवश्यक आहे.