तिकीट पाकिटासकट जपा

पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्यालाच मोजावे लागत, तेही अंतरानुसार. इंग्लंडने १८४० साली पहिलं चिकटवायचं तिकीट काढलं. आपल्याकडे १८५४ पासून अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र कंपनीच्या राज्यात कुठेही जाऊ लागलं. १९५२ साली तिकिटावर संत मीराबाई आल्या, १९९८ साली सावित्रीबाई फुले.

लहानपणी मला तिकिटं जमवायचा भारी नाद. मामाच्या पत्रांवरची तिकिटं मी कापून वहीत चिकटवली, पाकिटं चुलीत गेली. पाकिटावरच्या शिक्क्यात गाव आणि तारीख असते, हे फार उशिरा कळलं. आता मामा नाही. आई विचारते, “हे पत्र कधीचं गं?” मला सांगता येत नाही.

तुमच्या पेटीत जुनी पाकिटं असतील, तर लेकींना दाखवा. कात्री मात्र लावू देऊ नका.