पुळण कशी घडते?

पालीच्या दक्षिणेस अंजणारी येथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडणारी काजळी नदी रत्नागिरीजवळ भाट्ये येथे समुद्रास मिळते. सह्याद्रीतून ती वाळू आणि चिखल दोन्ही आणते. किनाऱ्याशी मात्र त्यांची फारकत होते. मातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात एकमेकांस चिकटून खाडीच्या शांत भागात, कांदळवनांच्या मुळाशी बसतात. उघड्या किनाऱ्यावरील लाटा चिखल टिकू देत नाहीत. तेथे सुमारे ०.०६ ते २ मिलिमीटर जाडीची वाळू उरते. त्यामुळे खाडीत चिखल आणि मुखाबाहेर, भूशिरांच्या आडोशाला पुळण असे दृश्य कोकणात सर्वत्र आढळते. इल्मेनाइटसारखी जड खनिजे अधिक असल्यास वाळू मांडवीप्रमाणे काळी दिसते. शिंपल्यांचा चुरा अधिक असल्यास ती फिकट होते.

पुळण स्थिर नसते. जून ते सप्टेंबर या काळात उसळत्या लाटा वाळू ओढून नेतात व किनाऱ्यापासून काही अंतरावर तिचा बांध तयार होतो. पावसाळ्यानंतरच्या सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. मात्र खाडीतून बेसुमार उपसा झाला किंवा नदीवरील बांधांमागे वाळू अडली, तर ही भरपाई अपुरी पडते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या येथे समुद्राने किनारा गिळल्यामुळे धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा लागला. असा बंधारा मागील जमीन राखतो. परंतु त्यावर आपटून परतणाऱ्या लाटा पुढील वाळू आणखी खरवडू शकतात. म्हणूनच पुळण राखायची तर नदीची वाळू समुद्रापर्यंत पोहोचू देणे आवश्यक आहे.