मांजर परवडतं का?

आमच्या किन्हवलीकडे घरात भाताची कणगी असली की मांजर आलंच. त्याला वेगळा खर्च कसला? उरलेला भात, सुक्या बोंबलाचं डोकं, बाकी पोट उंदरांवर. पोरांना दूध नाही तिथे मांजराला कुठलं!

हाच हिशोब एका साहेबाने गंभीरपणे मांडला होता, बरं का. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. पुढे १९०८ च्या सुमारास अमरावतीच्या बुकॅनन या सरकारी डॉक्टरने गावोगावची घरं आणि मांजरं मोजून लिहिलं, की मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी. मांजरालाही प्लेग होतो, म्हणजे उपाय अर्धाच. पण दुसरा उपाय गाव सोडून रानात झोपडी घालण्याचा, आणि त्यात मजुरी बुडायची.